तरारलेली टाकी

"बघ, झाडं कशी तरारलीत!" कासवाच्या टाकीपुढे उभे राहून आमचे हे कौतुकानं म्हणाले. तरारणारच. पाहुणे येणार म्हणून मला न सांगता आठवडाभर यांनी कुंड्यांचं खत टाकीत टाकलं होतं. पाणी हिरवं, गढूळ झालं होतं आणि कोपऱ्यातल्या दगडावर कासव सुजलेले डोळे मिटून बसलं होतं. माझं डोकंच फिरलं. कासवाच्या घाणीवर ती झाडं आपसूक वाढत होती, पाणीही नितळ राखत होती. पण हळूहळू वाढलेलं आपल्याला चालतं कुठे? चारचौघांत मिरवायला सगळं आजच्या आज हवं. मी कासव उचलून स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवलं. हे अजून टाकीकडेच बघत होते.

"आता टाकी रिकामी दिसेल गं," म्हणाले.