मायस्क्रीम

सुजाताचा फोन आला तेव्हा तिच्या वडिलांच्या, म्हणजे मेश्रामकाकांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं माझ्या टेबलावरच पडली होती. "ताई, बाबा गेले... सकाळीच." मी "अगंबाई!" एवढंच म्हणाले. त्याला आता महिना होऊन गेला, प्रुफं अजून तिथंच आहेत.

बिबवेवाडीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. हडपसरला आयटी पार्क उभे राहत होते त्या काळात काका पहिल्यांदा आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीकडचे. आपल्या आईवर पुस्तक लिहिलेलं. लेखक म्हटलं की आमच्या कपाळाला आठी पडते, खोटं कशाला बोलू? शेजारी स्टूल ओढून बसायचं आणि "इथं एक स्वल्पविराम टाका" म्हणायचं. त्यानं एक ओळ वाढली की पुढची सगळी पानं सरकतात, आणि वर "हे काय झालं हो?" हेही तेच विचारणार! काकांना तर मोतीबिंदू. पडद्यावर पूर्ण पान आणलं की त्यांना अक्षरांच्या जागी मुंग्या दिसायच्या.

पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक साधी खिडकी असते. चौकटी, चित्रं, समास सगळं बाजूला राहतं आणि नुसता मजकूर समोर येतो. मी ती उघडून दिली, तर आत सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. काका चष्मा पुसत म्हणाले, "ताई, हे कोणत्या गावचं मराठी?" खिडकीला मराठी फॉन्ट सांगायचा राहिला होता. तो सांगितला, अक्षर चांगलं मोठं केलं आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्यानंतर काका रोज यायचे, स्वतःच दुरुस्त्या करायचे. मला त्यांची सवयच झाली. ते आले नाहीत की दुकान सुनं वाटायचं.

मग प्रकाशकांनी खोडा घातला. "पुण्यात 'माय' कोण म्हणतं? सगळीकडे 'आई' करा." काका चडफडले. पण फार हिंडून हा प्रकाशक मिळाला होता. काकांनीच खिडकी उघडून 'माय' शोधा, 'आई' घाला अशी आज्ञा दिली. संगणकच तो, शब्दाच्या पोटातली मायसुद्धा त्यानं सोडली नाही. पुढच्या आठवड्यात प्रूफ वाचताना पुस्तकातल्या शेजारणीनं सांगितलेल्या 'रामायणा'चं 'राआईण' झालेलं सापडलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो... आणि हसता हसता काकांनी प्रूफ खाली ठेवलं.

"ताई, ही माझी माय नाही. ही कुणाची तरी आई आहे."

तिथूनच त्यांनी प्रकाशकांना फोन लावला. "माय राहणार असेल तर छापा, नाहीतर राहू द्या." एवढं बोलून फोन ठेवला. आयुष्यातलं एकच पुस्तक, तेही गेलं असं मला वाटलं. प्रकाशकांनी पुष्कळ कुरकुर केली, पण अखेर छापायचं कबूल केलं. काकांनी उलटी आज्ञा देऊन सगळ्या 'आई'ची पुन्हा 'माय' केली. 'रामायण' मुकाट्यानं जागेवर आलं.

शेवटचं प्रूफ वाचताना मात्र मी अडखळले. काका पुण्यात नोकरीला लागले तेव्हा त्यांची माय एकदाच इथं आली होती. तिला त्यांनी आईस्क्रीम खाऊ घातलं, आणि ती म्हणाली होती, "हे तं गोड बरफ हाय बापा!" त्या पानावर आता 'मायस्क्रीम' असं उमटलं होतं. मी कर्सर तिथं नेला.

"राहू द्या," काका म्हणाले. "तिनं जन्मात एकदाच खाल्लं."

पहिल्या आवृत्तीत ते तसंच छापलं गेलं. आता नव्या मुद्रितशोधकानं त्या शब्दाभोवती लाल गोल काढून पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह टाकलंय. सुजाता म्हणते, "तुम्हीच ठरवा, ताई." काल नेहमीचा जुना संगणक सुरू केला. खिडकी उघडली तर अक्षर अजून काकांच्या मापाचंच. बाकीचे ग्राहक त्यावरून मला टोमणे मारतात, मारोत बापडे. मला रडू आलं, ते आवरलं आणि प्रूफ पुढ्यात ओढलं. लाल गोलाशेजारी समासात लिहिलं, "शब्द बरोबर आहे. त्यांच्या मायनं खाल्लेलं आहे."