मायची ओटी

कापसाचा वास आला की अमरावतीचं ते सभागृह आठवतं. माय कमरेला कापडाची ओटी बांधून लोकांच्या वावरात कापूस वेचायची, त्या मजुरीवर मी घरातली पहिली कॉलेजात गेले. कॉलेजच्या त्या सभागृहात आधुनिक नृत्याचा कार्यक्रम झाला. नर्तकी वाकून काहीतरी उचलत होती, कमरेपाशी ठेवत होती. नंतर आमच्या सरांनी नाचाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, "बाई कापूस वेचून राहिली." सर म्हणाले, "वावर घरी ठेवून येत जा, पोरी. हा एकटेपणा आहे." सारे हसले. ते हसू मी विसरले नाही, विसरायचंही नव्हतं. पुढे मी नृत्य शिकले; अकोल्यात नाचले, तेव्हा तेच सर पाहुणे होते. पुढच्या खुर्चीत बसूनच माईकवर म्हणाले, "काय हा एकटेपणा." मी झग्याखाली बांधलेली मायची ओटी सोडली आणि तिच्यातला कापूस त्यांच्या मांडीवर ओतला. "सर, मी वेचून राहिली होती." लोक खदखदून हसले. आता त्यांच्या कॉलेजात नृत्य मी शिकवते.