मी तीन देव टाइप केले

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर गिऱ्हाईक येईल आणि परत राहून जाईल! पापडी गावात मी झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात आहे ना, तिथे एक काका यायचे. चपला बाहेर काढून. झेरॉक्सच्या दुकानात! मी म्हणायची, "काका, हे काय देऊळ आहे का?" तर म्हणायचे, "लादी तूच पुसतेस ना, बाय?"

नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. वाडीवाले. केळी, थोडी पानवेल, मागे बावखल, म्हणजे वाडीला पाणी द्यायचं छोटं तळं. आठवडाभर मळका बनियन. काकी गेल्यापासून इस्त्रीचा शर्ट फक्त रविवारी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, झाली की चर्चमागच्या खोलीत फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांना धर्मशिक्षण शिकवायचे, त्यासाठी. तीसेक वर्षं एकही रविवार चुकला नाही म्हणे.

मी दुकानात नवीन होते तेव्हा त्यांनी पहिल्यांदा प्रश्नपत्रिका आणली. हाताने लिहिलेली, हे एवढं मोठं अक्षर. पहिला प्रश्न, देव कोण आहे? खाली पाच ओळी मोकळ्या.

"काका, उत्तर पाच ओळींत मावेल?"

"पन्नास दिल्या तरी नाही मावणार. मग कागद कशाला फुकट घालवा?"

आता माझी चूक ऐका. माझं टायपिंग सुपरफास्ट, आणि टाइप करता करता लोकांच्या चुका सुधारायची मला खोड. अर्ज असो, लग्नपत्रिका असो, मी सुधारणारच. पेपरच्या वर पाठांतराचं वाक्य होतं. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे, तरी तीन देव नाहीत. मी मोजले. एक, दोन, तीन. म्हटलं, काकांचा हात घसरला असणार. आम्ही उमेळ्याच्या बिल्डिंगमधले, घरी गणपती, मला काय माहीत? टाकलं करून, "म्हणजे तीन देव आहेत." विचारलंसुद्धा नाही हो!

काकांनी कागद पार नाकाला लावला. "छान," म्हणाले, आणि चाळीस प्रती घेऊन गेले.

पुढच्या शनिवारी माझी मैत्रीण आली. ती चर्चमध्ये गाते. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. मुलांच्या आयांच्या ग्रुपवर माझ्या पेपरचा फोटो, आणि खाली, "आपल्या मुलांना हे शिकवतात?"

"अगं, काकांचा वर्ग काढून घेणार म्हणतायत. वय झालं म्हणे आता."

काकांकडे दुसरं होतं काय? वाडी, आणि तो एक तास.

रविवारी चर्चला गेले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. खोलीत बाकांवर मुलं, पुढे फादर, दोन आया, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले काका, हात मागे बांधून. शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?" फादर हळूच विचारत होते.

"पेपर माझा आहे, फादर."

"मी केलं!" मी दारातूनच ओरडले. "मीच सुधारलं! मला वाटलं, तीन झाले ना, मोजून!"

मुलं खो-खो हसली. पण एक आई म्हणाली, "छापून आल्यावर वाचायचं तरी ना, काका."

काका म्हणाले, "वाचता येत नाही आता. वर्ष झालं, डोळे जात चाललेत. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही. वर्ग जाईल म्हणून कोणाला बोललो नाही. या पोरीला रागावू नका."

मला वाचवायला त्यांनी हे सांगून टाकलं! आता गेलाच वर्ग, असं मला वाटलं.

फादरनी विचारलं, "आज काय शिकवणार होता?"

"हेच."

"मग शिकवा की." आणि फादर चक्क बाकावर जाऊन बसले, मुलांमध्ये.

काका मुलांकडे वळले. "ही ताई म्हणते तीन. सांगा तिला."

एकच गोंधळ! "पाणी, बर्फ, वाफ!"

"जवळ आलास, पण पोचला नाहीस. बर्फ झाला की पाणी उरतं का? इथे तिघंही कायम आहेत."

"अंडं! कवच, पांढरं, पिवळं!"

"जवळ आलीस. पण नुसतं कवच म्हणजे अख्खं अंडं का? पुत्र अख्खा देव आहे, देवाचा तुकडा नव्हे."

मला कुठे राहवतंय? "आमच्या दत्तगुरूंसारखं?"

काका हसले. "दत्तगुरू तुझे, बाय. त्यांना माझ्या पेपरात बसवू नको, दोघांची पंचाईत."

मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आपण म्हणतो, देव प्रेम आहे. कधीपासून? जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हापासून. मग तेव्हा तो एकटाच असता, तर प्रेम कोणावर करत होता?"

मीसुद्धा एका बाकाच्या कडेला टेकले!

"पिता स्वतःचं सगळं पुत्राला देतो. पुत्र सगळं पित्याला देतो. आणि त्या दोघांतलं प्रेम इतकं खरं, की तेही देवच, पवित्र आत्मा. प्रेम करणारा, ज्याच्यावर केलं तो, आणि ते प्रेम. वेगळे काढायला गेलात तर निघत नाहीत. म्हणून देव एक."

"आणि आपण?" एका छोटीने विचारलं.

"आपल्याला त्यात ओढून घ्यायला तर पुत्र माणूस झाला."

मग म्हणाले, "हेही पूर्ण उत्तर नाही बरं का. मीही पोचलेलो नाही."

मघाच्या त्या आईने पदराने नाक पुसलं. "काका, पुढच्या रविवारपासून माझी मुलगी तुम्हाला वाचून दाखवेल."

वर्ग राहिला! पुढची दोन वर्षं मुलं वाचायची, काका ऐकायचे. आणि मी प्रत्येक पेपर त्यांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवायची, दुकानात कितीही गर्दी असो. गिऱ्हाइकंसुद्धा ऐकत उभी राहायची.

या उन्हाळ्यात त्यांची मुलगी त्यांना गोव्याला घेऊन गेली. आता एकट्याने वाडीत राहणं जमणार नव्हतं. जायच्या दिवशी रिक्षा दुकानासमोर थांबली. मागे काका, मांडीवर केळ्यांचा अख्खा लोंगर, मुलगी वैतागलेली. काकांनी हात वर केला आणि हसत हलवायला लागले. पण समोरच्या मेडिकलकडे बघून! त्यांना वाटलं, मी तिकडे आहे.

हाक मारली असती तर ते इकडे वळले असते आणि चुकलो म्हणून ओशाळले असते. मी धावत रस्ता ओलांडला आणि मेडिकलच्या पायरीवर जाऊन उभी राहिले, बरोब्बर त्यांच्या हातासमोर. रिक्षा वळेपर्यंत आम्ही दोघं हात हलवत होतो.

तुमचं झालंय का हो असं कधी? कोणाचा निरोप नीट पोचावा म्हणून तुम्ही धावत जाऊन उभे राहिलायत? सांगा ना!