जाळीवरचा हार

देवावर माझा विश्वास होता की नाही, हे मला गेलं वर्षभर नीट सांगता आलं नसतं. हात जोडत होते, दर गुरुवारी दत्ताला पिवळी फुलं वाहत होते, पण खरी भक्ती चालली होती ती आकड्यांची आणि काट्यांची. आधी ह्यांच्या ब्लडप्रेशरच्या मशीनवरचा आकडा, आणि नंतर आमच्या जुन्या ट्रकमधला, इंजिन किती तापलंय ते दाखवणारा करंगळीएवढा काटा. जपाला बसले तरी मिटल्या डोळ्यांपुढे तोच थरथरायचा. अशा बाईला दत्तमहाराजांनी काय म्हणून जवळ करावं? पण केलं. जसं घडलं तसं सांगते. त्यातून काय घ्यायचं ते ज्याचं त्यानं घ्यावं.

ट्रक माझ्या सासऱ्यांचा. बिबवेवाडी खरोखरच वाडी होती आणि आमच्या सोसायटीच्या जागी मेथी-कोथिंबीर होती, तेव्हा सासरे त्यातून मंडईला भाजी न्यायचे. लांब नाकाचा, गोल दिव्यांचा, बुटका ट्रक. जमीन गेली, इमारती आल्या, ट्रक मात्र पत्र्याच्या शेडमध्ये उंदरांना आंदण दिल्यासारखा पडून राहिला. नोकरीतून मोकळे झाल्यावर ह्यांनी तो पुन्हा उभा करायला घेतला. इंजिन उतरवलं, पत्रा ठोकून घेतला, मोरपंखी रंग दिला. घरात ग्रीसचे हात पुसलेला टॉवेल सापडला नाही असा दिवस जात नव्हता, आणि मी त्यावरून रोज भांडत होते. काम संपत आलं आणि ह्यांच्या छातीत दुखायला लागलं.

ऑपरेशन झालं. माणूस सुखरूप घरी आला, पण त्याचं बोलणं काही घरी आलं नाही. चहा टाकू? हूं. टीव्ही लावू? नको. दिवसभर खिडकीत बसून राहायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदय उत्तम चाललंय. आता त्यांना जपू नका, कामाला लावा. गाडीसुद्धा चालवू द्या." मी मान हलवली आणि घरी येऊन पान्यांची पेटी माळ्यावर टाकली. कानाला मफलर, पायात मोजे, जिन्यात हात धरायला मी. रात्री झोपेत श्वास चाललाय ना, म्हणून नाकापुढे बोट धरून बघायचे. काय करणार? एकदा जीव घाबरला की तो शहाणपणाचं ऐकत नाही.

ट्रकचं राहिलेलं काम आमच्या नेहमीच्या मिस्त्रीनं पुरं केलं. त्याच सुमारास हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला ट्रक आवडला. त्याला तो हॉटेलच्या दारात शोभेला उभा करायचा होता, मागच्या हौद्यात माती भरून फुलझाडं लावायची होती. मला वाटलं, हे त्याला अस्सल पुणेरी उत्तर देतील. हे म्हणाले, "देऊन टाक." बस, एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. ज्यावर एवढा जीव होता त्यावरून माणूस हात काढून घेतो, तेव्हा तो स्वतःवरूनही काढून घेत असतो, असं मला लख्ख दिसलं. देव्हाऱ्यापुढे उभी राहून म्हणाले, महाराज, ह्यांना ह्याच ट्रकमधून नारायणपूरला तुमच्याकडे घेऊन येते. माझा माणूस मला परत द्या.

ह्यांना फक्त इतकंच सांगितलं, की द्यायच्या आधी एकदा देवाला नेऊ या.

"आणि गाडी घाटात बसली तर?"

"तर तिथूनच हॉटेलवाल्याला फोन करा, घेऊन जा म्हणावं," मी बोलून गेले.

"ठरलं," हे म्हणाले. तोंडातून शब्द गेला होता, आता परत कसा घेणार?

चालवणार मी. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळे त्याची भीती नव्हती. भीती होती ती मिस्त्रीनं घातलेली. "काकू, इंजिन नवं बांधलंय. काटा लाल पट्टीत गेला तर लगेच बाजूला घेऊन बंद करा. नाहीतर सगळं पुन्हा उघडावं लागेल." झालं! पाण्याचे कॅन भरले, लिंबू-मिरची बांधली, तरी मन भरेना. बुधवारी मंडईत जाऊन झेंडूचा दुपदरी हार करायला सांगितला. फुलवाली म्हणाली, "ताई, ट्रकला हार पाहिजे की मांडव घालताय?" मी म्हटलं, तू घाल गं, हात आखडू नकोस. गुरुवारी पहाटे खाली जाऊन तो ट्रकच्या पुढच्या जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधला. जाळी दिसायची थांबली तेव्हा कुठे माझं समाधान झालं. मग वर जाऊन ह्यांना मफलर गुंडाळून खाली आणलं आणि थेट डाव्या सीटवर बसवलं.

दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती. थंडी मी म्हणत होती. रस्ता अर्धवट झोपेत होता आणि ट्रकचं घुरघुरणं लहानपणी ऐकलेल्या जात्यासारखं संथ वाटत होतं. सगळ्यांनी सांगितलं होतं की बोगद्यातून जा; पण बोगद्यात बंद पडलो तर, या धास्तीनं मी कात्रजचा जुना घाट धरला. वर धुकं उतरलं होतं. झाडं येत होती, जात होती, मधूनच खाली शहर दिसायचं आणि पुन्हा पांढऱ्यात बुडायचं. आपण गाडीत नाही, कुणाच्या तरी आठवणीत चाललोय असं काहीसं वाटत होतं. फार सुंदर सकाळ होती हो. आणि मी मेली काट्याकडे बघत होते.

काटा चढत होता. एवढ्या थंडीत! ह्यांच्या सीटवरून तो दिसत नव्हता, पण हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओठ चावला की ह्यांची मूठ आवळली जायची. तिसऱ्या वळणानंतर काटा लाल पट्टीला टेकला. मी ट्रक कडेला घेतला, बंद केला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पुढून वाफेचा सुस्कारा ऐकू आला. ह्यांनी खिशातून फोन काढून मांडीवर ठेवला.

त्या क्षणी मी मनातल्या मनात देवाशी भांडले. एवढा हार घातला, एवढं केलं, आणि घाटही चढू दिला नाहीस? मग भांडायचंही बळ राहिलं नाही. म्हटलं, तुझं तू बघ, मी हात टेकले.

किती वेळ गेला कोण जाणे. ट्रकच्या नाकापुढे काहीतरी हललं. धुक्यातून एक पांढरी गाय आली होती. गळ्यात दोर नाही, बरोबर माणूस नाही. आली ती सरळ हाराला तोंड लावून उभी राहिली आणि सावकाश, काही घाई नसल्यासारखी, खायला लागली. माझं डोकं फिरलं. देवाचा हार! दार उघडून मी ओरडणार, इतक्यात माझ्या मनगटावर हात आला.

"राहू दे. खाऊ दे तिला."

किती महिन्यांनी ह्यांनी आपण होऊन काही सांगितलं होतं. मी बसून राहिले. दोघंही काचेतून बघत राहिलो. तिचे कान हलत होते, नाकातून वाफ निघत होती, पिवळ्या पाकळ्या रस्त्यावर सांडत होत्या. मला जन्मभर तसंच बसून राहता आलं असतं.

बऱ्याच वेळानं खालून एक म्हातारी काठी आपटत आली. "अगं बया! समदा खाल्ला की! ताई, माफ करा हां, लई वांड हाय ही."

"असू द्या मावशी," हे म्हणाले, "पोट भरलं ना तिचं?"

म्हातारी हसली, गाय वळली, दोघी धुक्यात गेल्या. इंजिन निवालं होतं. पाणी घातलं, देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. उरलेला घाट चढलो, उतरलो, मग पुढचा सगळा रस्ता. काटा मध्यावर जो थांबला तो हललाच नाही. मी पुन्हा पुन्हा बघत होते आणि मला ते खरं वाटत नव्हतं.

नारायणपूरला उतरल्यावर हे ट्रकच्या पुढे जाऊन उभे राहिले. जाळीला नुसता दोरा लोंबत होता. त्यांनी तो बोटात धरला, जाळीवर तळहात ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागले. खो खो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, इथून वारा आत जातो! त्यावर तर इंजिन थंड राहतं. तू त्याचं नाक-तोंडच बांधून ठेवलं होतंस. ती गाय आली नसती तर..." आणि हसता हसता त्यांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात दिला.

मी तो मफलर घेऊन उभी राहिले. त्यांना काही सुचवायचं नव्हतं, नुसतं उकडत होतं. पण मला जे कळायचं ते कळलं.

गाभाऱ्यात दत्तमहाराजांच्या मागे गाय असते, हे मी का नव्यानं सांगायला हवं? त्या दिवशी मी मूर्तीच्या पायांकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिले. चमत्कार म्हणणारे म्हणोत, भुकेली गाय म्हणणारे तसं म्हणोत. मला दोन्ही चालतं. मी काही मागितलं नाही. मागितलेलं बाहेर ट्रकपाशी उभं राहून कुणाला तरी इंजिन उघडून दाखवत होतं.

बाहेर आले. हॉटेलवाल्याला फोन मी केला, ट्रक मिळणार नाही म्हणून. मग किल्ली ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, डॉक्टर केव्हाच हो म्हणालेत, मीच तुम्हाला सांगितलं नव्हतं. हे चढून बसले, आरसा नीट केला आणि गुणगुणत गिअर टाकला.

मी डाव्या सीटवर बसले. ऊन पडलं होतं, शेतांवरून गार वारा येत होता. सवयीनं मान वळवली, तर तिथून काटा दिसतच नव्हता. दिसत होते ते फक्त ह्यांचे हात.