लक्ष्मीचा ओटा आणि माझा मणका

आज मी सरळ उभा राहून माझी नोकरी करतो, ते नांदेडच्या डॉ. नसरीन मॅडममुळे. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत, म्हणजे व्यायाम देऊन आणि उठण्याबसण्याच्या सवयी बदलून दुखणे बरे करणाऱ्या डॉक्टर. पाठीच्या दुखण्याने आडवे पडून तुम्ही हे वाचत असाल, तर आधी त्यांचे नाव वाचा, मग माझी हकीकत.

लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी माझी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. एमआरआय म्हणजे माणसाला एका बोगद्यात सरकवून शरीराच्या आतले फोटो काढतात ती तपासणी. आत ठोकाठोकीचा एवढा आवाज होतो की मला वाटले, वर पत्रे बसवणारे आले आहेत. डॉक्टरांनी फिल्म बघितली, मग माझ्याकडे बघितले.

“काय करता?”

“बी.कॉम. आहे, सर.”

“शिक्षण नाही विचारलं. काम काय करता?”

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. त्यामुळे कोणी काहीही विचारले की तोंडातून आधी पदवी बाहेर येते. मी सांगितले की एमआयडीसीतल्या धान्याच्या गोदामात सुपरवायझर आहे.

“सुपरवायझरला स्लिप डिस्क? तो तर नुसता उभा राहून बघतो!”

मग त्यांनी समजावून सांगितले. पाठीच्या दोन मणक्यांमध्ये मऊ चकती असते, तिला डिस्क म्हणतात. “पोळी लाटताना कडेनं पुरण बाहेर येतं ना, तशी ती बाहेर आली आहे. आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेवर टेकली आहे.” म्हणून दुखणे कमरेचे आणि आग पायाच्या अंगठ्यात. याला सायटिका म्हणतात. ऑपरेशन लागणार नाही. पण आराम करा, फिजिओथेरपी घ्या आणि वाकणे बंद, असे ते म्हणाले.

आता हे झाले कसे, ते सांगतो. आमच्या गोदामात नवे सोयाबीन आले की पहिले पोते मुहूर्ताचे असते. त्याला हार घालतात, कुंकू लावतात, आणि हिशेब ठेवणारा माणूस ते पाठीवर घेऊन वजनकाट्यापर्यंत नेतो. काटा म्हणजे लक्ष्मी, असे आमचे शेठ मानतात. खरा रिवाज असा की मागून दोन हमाल पोते उचलून धरतात आणि हिशेबवाला नुसती पाठ लावतो. हे मला कोणी सांगितले नव्हते. मी नुकताच सुपरवायझर झालो होतो आणि हिशेब माझ्याकडे आला होता. रावसाहेब मुकादम मागून म्हणाले, “साहेब, आमी धरतो.” मी म्हणालो, “सोडा. शेतकऱ्याचं पोरगं हाय मी.”

त्यांनी सोडले.

पोते काट्यापर्यंत पोचले, याचा मला आजही अभिमान आहे. ते खाली ठेवायला वाकलो, कमरेत खट्कन काहीतरी झाले आणि मी वाकलेलाच राहिलो. कपाळ पोत्याला टेकलेले, हात जमिनीला. लोकांना वाटले, साहेब लक्ष्मीला नमस्कार करत आहेत. शेठनी हात जोडले. मागचे सगळे हमाल वाकले. बराच वेळ झाला तरी मी उठेना, म्हणून तेही उठेनात. मुकादमांची कुजबुज ऐकू आली, “लई भक्ती हाय बा पोराची.”

मी खालूनच म्हणालो, “मुकादम, उचला मला.”

लातुरात मी खोली करून एकटा राहतो. पडून राहिल्यावर भाकरी कोण करणार? म्हणून डॉक्टरांकडून सुटल्यावर नांदेडला ताईकडे जायचे ठरले. शेठनी गोदामाची पिकअप दिली. मागे रिकाम्या पोत्यांचे अंथरूण करून मला उताणे निजवले आणि ऊन लागू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घातली. वाटेत लोह्याला ड्रायव्हर चहाला उतरला. एक म्हातारे बाबा गाडीपाशी आले, त्यांनी टोपी काढली.

“कुठलं हो हे माणूस?” त्यांनी ड्रायव्हरला विचारले.

“जळकोटकडचं,” मी चादरीखालून म्हणालो.

बाबा मागे सरकले. “अरारा! जित्तं हाय की!”

मग त्यांनीच मला चहा पाजला. आडवे पडून चहा पिणे ही कला आहे. ती मला येत नव्हती, हे माझ्या शर्टावर अजून दिसते.

ताईच्या घरी पोचल्यावर मात्र हसणे थांबले. वडिलांचा फोन आला. दुखते का, हे त्यांनी विचारले नाही. “नोकरी हाय ना?” एवढेच विचारले. मी अजून कायम झालो नव्हतो. शेठ म्हणाले होते, “तूर यायला लागेपर्यंत तुझी जागा ठेवतो. त्यापुढं न्हाई जमायचं. हंगाम कुणासाठी थांबून ऱ्हात न्हाई.” वडिलांना मी “हाव, हाय” म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केले. वळायलाही ताईला हाक मारावी लागली.

ताईच्या शेजारणीने नसरीन मॅडमचे नाव सुचवले. मॅडम चणीने लहान, आवाज मात्र भरल्या गोदामात शेवटच्या थप्पीपर्यंत पोचेल असा. सुरुवातीला नुसते पडल्या पडल्या करायचे व्यायाम होते. मी बसता-उठता झालो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, दिवसभर कामावर काय काय करता, ते करून दाखवा. हळू.”

मी त्यांच्या दवाखान्यात आख्खे गोदाम उभे केले. काट्यावरचा आकडा वाकून बघतो. पोत्याचे तोंड शिवले का, वाकून बघतो. नमुना काढायला वाकतो. बाहेर बाकावर बसलेले पेशंटही दाराशी येऊन बघायला लागले.

“उभं राहून काहीच न्हाई करत का तुम्ही लोक?”

“चहा पितो, मॅडम.”

तेव्हा त्यांनी मला अर्गोनॉमिक्स हा शब्द सांगितला. म्हणजे माणसाला कामाच्या मापात वाकवायचे नाही, काम माणसाच्या मापात बसवायचे. वजन उचलताना गुडघे वाकवा, पाठ नाही. वजन पोटाशी घ्या. वळायचे असेल तर पाय वळवा, कंबर पिळू नका. “हे सगळं शिकवीन मी,” त्या म्हणाल्या, “पण काटाच जमिनीवर असंल तर किती जपणार? काटा कमरेइतका वर घ्या. नाहीतर पुन्हा इथंच याल.”

इथे गाडी अडली. काटा शेठच्या वडिलांनी जमिनीवर बसवला होता. लक्ष्मी जमिनीला टेकलेली असली की टिकते, असा त्या घराचा समज. त्याला हात लावायची गोष्ट गोदामात कोणी काढत नसे.

एक दिवस शेठ मला भेटायला थेट दवाखान्यात आले, हातात केळ्यांची पिशवी. मी पलंगावर पालथा होतो आणि कमरेला विजेच्या शेकाच्या चकत्या चिकटवलेल्या होत्या. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि सांगून टाकले की हा कामावर येईल, पण वाकणार नाही.

“वाकणार न्हाई? मग काट्यावरचा आकडा काय उडत जाऊन बघंल?”

“काटा वर घ्या, शेठ.”

“काटा हलणार न्हाई, मॅडम. लक्ष्मी हाय ती. त्यापरीस मी माणूस बदलतो.”

नोकरी जाताना माणसाने निदान उठून बसलेले असावे. मला तेवढीही सोय नव्हती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “शेठ, तुम्ही आलात तर मी खुर्ची दिली. खाली फरशीवर बसा म्हटलं असतं तर?”

“काहून? मी काय असातसा माणूस हाय का?”

“मग लक्ष्मीला काहून बसवलं फरशीवर?”

शेठनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “ह्याचा इचार आमच्या वडलांनी केला न्हवता,” एवढे बोलून ते उठले आणि केळी घेऊन तसेच निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात गोदामात मिस्त्री आला. शेठनी त्याला बजावले होते, लक्ष्मीचे आसन आहे, हात आखडू नको. त्याने श्रद्धेने छातीइतका उंच ओटा बांधला आणि वर ग्रॅनाइट बसवला. आता हमाल पोती वर फेकू लागले, आणि कमरेऐवजी खांदे धरले. मुकादमांनी फोटो पाठवला. मॅडमनी तो बघून कपाळाला हात लावला. “या अल्ला, हा ओटा हाय का पाण्याची टाकी?”

पण पूजा झालेला ओटा फोडायला शेठ काही केल्या तयार होईनात. इकडे तुरीच्या शेंगा वाळत आलेल्या. शेवटी मॅडमनीच फोनवर तोड काढली: ओट्याला हात लावू नका, भोवतीची जमीन वर घ्या. मग ओट्याच्या चारी बाजूंनी भराव घातला आणि एका अंगाला उतार केला. आता पोते हातगाडीवरून वर जाते आणि कमरेच्या उंचीवर काट्यावर सरकते. कोणी उचलत नाही, कोणी फेकत नाही. उतारावरचे सिमेंट वाळले आणि तुरीची पहिली गाडी दारात लागली.

त्या गाडीला मी हजर होतो, कमरेला पट्टा बांधून. थोड्या दिवसांनी मुकादम सांगत आले, “काल घरी जाऊन नातू पाठीवर घेतला. बायको म्हणती, आज कामावर गेलाच न्हाईत का?” आणि हंगाम संपता संपता शेठनी मला बोलावले. “कायम केलं तुला. पण पोतं उचलताना दिसलास तर काढून टाकीन.”

तुम्ही गोदामात, गिरणीत, कारखान्यात काम करत असाल तर एवढेच ऐका. कंबर पहिल्यांदा धरते तेव्हाच दाखवा. मलम चोळून दिवस ढकलू नका. आणि डॉक्टरांना नुसते कुठे दुखते ते सांगू नका, काम कसे करता ते करून दाखवा. लोक बघायला जमले तर जमू द्या.

मॅडमना मी पाठवलेले पत्र खाली देत आहे.

आदरणीय डॉ. नसरीन मॅडम,

सादर नमस्कार. मी कायम झालो. वडिलांना फोन करून सांगितले. ते म्हणाले, त्या मॅडमला आपल्या शेतातला हरभरा पोचव. तो ताईबरोबर देत आहे.

एक गोष्ट तोंडावर बोलायचे धाडस झाले नाही, म्हणून लिहितो. तुमच्याकडे पालथा पडलो की मला फक्त फरशी आणि तुमच्या चपला दिसायच्या. शेजारच्या पलंगावरचा पेशंट उठून गेला की त्या चपला थोडा वेळ जागच्या हलत नसत. एकदा मान वळवून पाहिले, तर तुम्ही कमरेला हात लावून भिंतीला टेकला होता. मॅडम, तुमचे पलंग बुटके आहेत. तुम्ही आम्हा सगळ्यांना सरळ करता, ते दिवसभर स्वतः वाकून.

सुताराशी बोललो आहे. येत्या रविवारी त्याला घेऊन येतो. तो पलंगांच्या पायांखाली सागवानी ठोकळे बसवून देईल. कृपा करून नाही म्हणू नका.

जमिनीपासून तुमच्या कोपरापर्यंतचे माप तेवढे कळवावे. चप्पल घालून घ्यावे.

आपला पेशंट,
बालाजी