घसरणीचे तीन बोंबील

उत्तनजवळ चौकला माझी सासुरवाडी. तिथे जावई आला की बोंबील आपण होऊन पाटीत उड्या मारतात, असं मी भाईंदरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्या रविवारी सासूबाईंनी माझ्यासाठी तीन बोंबील साफ करून ठेवले होते. एकेक एवढा दांडगा, की त्याला बोटीचं लायसन लागत असावं. मी सकाळपासून नाश्ताही केला नव्हता. म्हणजे केला होता, पण मनापासून नाही.

तेवढ्यात मेव्हण्याच्या दोन मुली आल्या. थोरलीला शाळेनं घरी प्रयोग करायला सांगितलेला: घर्षण. धाकटी त्याला ‘घसरण’ म्हणत होती. उतारावरून गाडी सोडायची होती, पण घरातल्या सगळ्या खेळण्यांची चाकं धाकटीनं आधीच उपटलेली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी परातीतल्या बोंबलांकडे पाहिलं. विज्ञानासाठी माणसं काय काय करतात.

जुन्या कपाटाची फळी काढून तिचं एक टोक डब्यांवर टेकवलं, खाली ताट ठेवलं. पहिला बोंबील सर्रकन ताटात. घर्षण कमी, मी खाकरून सांगितलं. मग फळीवर गोणपाट बांधलं. दुसरा बोंबील हलेचना. फळी सरळ उभी केली, तरी हा खोली न सोडणाऱ्या भाडेकरूसारखा चिकटून. घर्षण जास्त. त्याला गोणपाटासकट बाजूला ठेवलं.

आता फळीला थोडं तेल लावू या, असं थोरलीनं सुचवलं. ‘थोडं’ म्हणजे किती, हे धाकटीला अजून कुणी शिकवलेलं नाही.

तिसरा बोंबील मी ठेवला, म्हणजे ठेवणार होतो. तो सुटला, ताटावरून उसळला आणि ओटा ओलांडून अंगणात गेला. वाटेत एक कावळा त्याला साइड द्यायला बाजूला झाला. अंगणातल्या मांजरीनं उठायचेही कष्ट घेतले नाहीत, नुसतं तोंड उघडलं. आम्ही तिच्यामागे धावलो, तोवर तिच्या बहिणीनं घरात शिरून ताट साफ केलं.

दारात सासूबाई. त्यांनी फळी पाहिली, तेल पाहिलं, मग मला पाहिलं.

“जावय, बोंबील खायाचा हाय का उडवायचा हाय?”

“आजी, काकांनी न्हाय केलं,” धाकटी म्हणाली. “घसरणीनं केलं.”

माझ्या वाट्याला उरला गोणपाटावरचा. सासूबाईंनी त्याला ओढलं, थोरलीनं गोणपाट ओढलं, मी मधे उभा राहून दोघींना हळू, हळू म्हणत होतो. शेवटी तो आला, पण अर्ध्या गोणपाटाचे धागे अंगावर घेऊन. सासूबाईंनी निवडले तेवढे निवडले, बाकीचे रव्यात लपवले आणि कुरकुरीत तळून मला वाढला.

पहिलाच घास घशात अर्ध्यावर थांबला.

“काका, खाली जातोय का?” थोरलीनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

“घर्षण जास्त,” ती म्हणाली.

आणि धाकटी तेलाची बाटली आणायला धावली.