खोबऱ्याच्या बिस्किटात शेंगदाणे

मिक्सरपाशी भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता. त्या मिक्सरमध्ये फक्त खोबऱ्याच्या बिस्किटांचं पीठ मळलं जायचं.

मी पलूसजवळच्या एका बिस्किट कारखान्यात क्वालिटी केमिस्ट होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुपरवायझर बबनरावांना विचारलं.

"आवं मॅडम, खोबऱ्याचा कीस कमी पडला. मंग कालपास्नं दाण्याचा कूट घालतोय. लय खमंग झाल्यात."

"कालचा माल कुठाय?"

"पहाटंच गेला की. कोयनानगरला."



काही माणसांच्या अंगाला शेंगदाणा सोसत नाही. गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वासच कोंडतो. ही अ‍ॅलर्जी. अशा माणसाला पाकिटावरची घटकांची यादी हाच आधार. आमच्या यादीत दाण्याचं नाव नव्हतं. त्यात कोयनानगरच्या एका शिक्षिकेनं, कांबळेबाईंनी, मागेच पत्र लिहून विचारलं होतं. त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, दाण्यामुळे एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. 'तुमच्या बिस्किटात दाणे असतात का?' मी उत्तर धाडलं होतं, 'नाहीत.' खाली माझी सही.

मिक्सर बंद करायला लावून मी साहेबांकडे गेले.

"सगळी बॅच परत मागवायची," मी म्हणाले. बॅच म्हणजे एका वेळी तयार झालेला माल.

"दाण्यासाठी? आपल्याकडं दाणे कोण खात नाही?"

"एक मुलगी खात नाही, साहेब. आणि तिच्या आईला आपण लेखी कळवलंय."

मी पत्राची कॉपी टेबलावर ठेवली. साहेबांनी दोनदा वाचली. "गाडी पाठवा," म्हणाले.

गाडीला तीन तास लागणार. मी आधी तिथे आमचा माल घेणाऱ्या दुकानदाराला एसटीडी फोन लावला.

"पोतदार, आज आलेल्या खोबरा बिस्किटाचा एकही पुडा विकू नका. कांबळेबाई आल्या होत्या?"

"आत्ताच दोन पुडं घेऊन गेल्या की."

"पळा! मुलीला देऊ नका म्हणावं. त्यात दाणे आहेत."

तिकडे रिसीव्हर टेबलावर आदळला, फोन चालूच होता. मी माझा कानाला लावून उभी. बबनराव दारात, टोपी हातात घेऊन. बऱ्याच वेळानं धापा टाकणाऱ्या एका बाईचा आवाज आला.

"मी कांबळे बोलतेय. पुडा फोडला होता. पण तिच्या हातात द्यायच्या आधी मी कुठलीही वस्तू हुंगते. दाण्याचा वास आला म्हणून बाजूला ठेवला. प्रज्ञा बरी आहे."

मी खुर्चीत बसले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "फोन केलात, बरं केलंत. माझं नाक एखाद दिवशी चुकलं तर?"

संध्याकाळी गाडी परत आली. कांबळेबाईंचे दोन पुडे परत आले, पण आणखी चार कमी होते. ते चार पुडे ज्यांनी खाल्ले त्यांच्या घरी पोतदार स्वतः जाऊन आले, सगळे ठणठणीत होते. त्या रात्री नीट झोप लागली नाही, असं बबनरावांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुढं कारखान्यात नियम झाला. माझ्या सहीशिवाय एकही घटक बदलायचा नाही. पाकिटावरही दाण्याबद्दल सावध करणारी एक ओळ आली. कायद्यानं तेव्हा ती मागितलेली नव्हती.

पाकिटावर छापलेलं आणि मिक्सरमध्ये पडलेलं एकच असावं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासाठी एक माणूस पगारावर ठेवावा लागतो.